[मंडळाची मेल लिस्ट] बाबांची गाडी: यार्डातली लगेच घ्यायची की हवी ती ऑर्डर टाकून थांबायचं?

मेघना, डॅलस

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, उद्या कोल्हापूरच्या शोरूमला हो किंवा नाही कळवायचंय. गाडी कुठली ते मागच्या महिन्यात ठरलंय, त्यावर परत चर्चा नको प्लीज. पेट्रोल, ऑटोमॅटिक, चार मीटरच्या आत, बाबांचे गुडघे आणि मंगळवार पेठेतली गल्ली दोन्ही बघून. आता अडलंय ते असं की त्यांच्या यार्डात एक पांढरी उभी आहे, टॉपच्या खालचं व्हेरिएंट, १९ एप्रिलला अक्षय्य तृतीयेला देतो म्हणतात आणि वर थोडं डिस्काउंट. बाबांना हवाय निळा रंग आणि टॉप मॉडेल, तो ऑर्डर टाकावा लागेल, "आठ ते दहा आठवडे मॅडम". आज ६ एप्रिल २०२६, म्हणजे गाडी येणार जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. आई म्हणाली धोंड्याच्या महिन्यात नवी गाडी दारात आणायची नाही, विषय संपला. मी १० मेला येतेय, ७ जूनला परत. म्हणजे निळी घेतली तर मी नसताना येणार, पांढरी घेतली तरी मी नसताना येणार.

इथे आम्ही मागची गाडी फॅक्टरी ऑर्डर केली होती, रंग, सीटचं कापड, सगळं मनासारखं, तीनेक महिने थांबलो पण मिळाली तशीच. तिकडे कस्टम ऑर्डर असं खरंच काही असतं का? सुभाषकाका, तुमच्या मेलची वाट बघतेय.

संग्राम, स्टुटगार्ट

ताई, थांबा आणि ऑर्डरच करा. माणूस गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, त्यात दोन महिने म्हणजे काय. इथे जर्मनीत तर नवी गाडी म्हणजे कॉन्फिगरेटरवर बसून एकेक गोष्ट निवडायची आणि महिनोन् महिने थांबायचं ही रीतच आहे, ठराविक तारखेपर्यंत ऑर्डरमध्ये बदलही करता येतो. लोक डिलिव्हरी घ्यायला थेट कारखान्यात जातात, सिंडेलफिंगेनला मर्सिडीजच्या, वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या, घरची मंडळी बरोबर नेऊन, आधी कारखाना बघायचा मग किल्ली. आमच्या शेजाऱ्यांनी नेली तेव्हा मीही गेलो होतो, काचेच्या हॉलमध्ये त्यांच्या नावाचा बोर्ड लावलेला. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीनं घेतलंय सगळं, आता निळी पाहिजे तर निळीच द्या.

सुभाषकाका, राजारामपुरी

मेघना बाळ,

संग्रामचं तिकडचं बरोबर आहे पण इथं ते लागू होत नाही, आणि कोल्हापूरच्या गाड्यांचं म्हणशील तर मी परत आल्यापासनं या लिस्टवरल्या कितीतरी जणांच्या आईबापांच्या गाड्या यार्डात जाऊन बघितल्यात, तेव्हा जरा ऐक.

आपल्याकडे या साइजच्या गाडीत कस्टम ऑर्डर नावाची गोष्ट नाही. तुझ्या बाबांसाठी म्हणून कारखान्यात गाडी बनत नाही. शोरूम आपली मागणी कंपनीला कळवतं, कंपनी व्हेरिएंट आणि रंगाप्रमाणे लॉट काढते, वाटपात त्या शोरूमच्या वाट्याला निळी टॉप ऑटोमॅटिक आली की यादीत पुढं असेल त्याच्या नावावर चढते. सीटचं कापड, एखादं फीचर जास्त-कमी असलं काही नाही, बाकीच्या ॲक्सेसरीज शोरूमच बसवतं. म्हणून ते आठ ते दहा आठवडे म्हणतात ते अंदाजानं, कागदावर लिहून मागितलं तर कोणी देत नाही. अधिक महिना टळला तरी पुढं काय? जुलै. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडची वाहतूकच बंद पडली होती, तेव्हा गाड्यांचे ट्रेलर कसे येणार. मग पितृपक्ष, मग नवरात्र, आणि दसरा यंदा २० ऑक्टोबरला. दहा आठवडे म्हणता म्हणता दसरा उजाडतो हे मी बघितलंय.

दुसरं भावाचं. बुकिंगच्या दिवशीचा भाव धरत नाहीत, डिलिव्हरीच्या दिवशीचा धरतात, फॉर्मवर बारीक अक्षरात असतंच. गेल्या सप्टेंबरात ते लोकांच्या फायद्याचं झालं, ऑगस्टमध्ये बुक केलेल्यांनी २२ सप्टेंबरनंतर गाडी उचलली आणि चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर सेससकट २९ चा १८ टक्के झाला होता तो पदरात पडला. पण तसं दरवेळी घडत नाही, भाव वाढला तर वाढीव पैसे आपणच भरायचे.

तिसरं, टॉप मॉडेल एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स सोडून, दहा लाखांच्या वर जातंय का बघ. गेलं तर रोड टॅक्स ११ चा १२ टक्के होतो, तोही पूर्ण किमतीवर, वरच्या रकमेवर नुसता नाही. शिवाय १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूम बिलाबरोबरच आगाऊ घेतं तो आयकर. टीसीएस बाबांना रिटर्न भरताना मिळेल, रोड टॅक्स गेला तो गेला.

पण पांढरी घे असं पण मी म्हणत नाही अजून. ती कधी बनलीय ते विचारलंस का? माझ्या मते रंगावर तडजोड करावी, बनल्याच्या महिन्यावर करू नये. आणि अक्षय्य तृतीयेला अजिबात घेऊ नका. त्या दिवशी शोरूममध्ये गाड्यांच्या रांगा असतात, हार घाला फोटो काढा पुढचा या, गाडी नीट तपासायला कोणाला वेळ नसतो.

वृंदाताई, लेस्टर

मेघना, आईंना माझा नमस्कार सांग. अधिक महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत वर्ज्य असते, वस्तू विकत घेऊ नये असं काही नाही, आमच्या घरात तरी कधी पाळलं नाही. उलट धोंड्यात जावयाला वाण देतात, तुझे यजमान येणारच आहेत ना बरोबर? अनारशांबरोबर त्यांनाच चालवू द्या पहिली फेरी.

इथे ब्रिटनमध्ये गाडी कधी घ्यायची याचं वेगळंच गणित असतं. १ मार्च आणि १ सप्टेंबरला नंबर प्लेटवरचा आकडा बदलतो, यंदाच्या मार्चपासून २६ आलाय. फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या आकड्याची गाडी घ्यायला कोणी तयार नसतं म्हणून तेव्हा भाव करायला वाव मिळतो. आम्ही नेहमी तशीच घेतो, आकड्यानं काय होतंय.

संग्राम, स्टुटगार्ट

वृंदाताई, आकड्यानं विकताना होतं ना. घेताना स्वस्त मिळते तेवढीच विकताना कमी येते. दहा वर्षं वापरणार असाल तर मात्र तुमचं बरोबर.

अभिजित, सिंगापूर

सुभाषकाकांना विचारायचंय, ही एएमटी आहे की सीव्हीटी (ऑटोमॅटिकचे दोन प्रकार)? कारण माझ्या सासऱ्यांची एएमटी आहे आणि जोतिबाच्या चढाला गर्दीत थांबून परत निघायचं म्हटलं की मागं सरकते, चैत्र यात्रेत तर त्यांनी गाडी नेणंच सोडलंय. खालच्या व्हेरिएंटला हिल होल्ड नसेल तर ते बघून घ्या, रंगाचं नंतर. आणि माझ्या चुलतभावाची सांगलीत शोरूममध्ये ओळख आहे, त्याचा नंबर टाकू का इथे?

लिस्ट सांभाळणारे (अविनाश)

सर्वांना विनंती, शोरूम, एजंट, नातेवाईक कोणाचेही नंबर लिस्टवर टाकू नयेत, मागच्या वर्षी फ्लॅटच्या विषयावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकमेकांना खाजगीत पाठवा. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा मेल कालपासून वर आहे, त्याला अजून मोजकीच उत्तरं आलीत, तेवढं बघा.

मेघना, डॅलस

अविनाशदादा, वर्गणी पाठवते आज.

वृंदाताई, आईला तुमचा मेल वाचून दाखवला, ती म्हणाली लेस्टरात चालत असेल. तेव्हा १७ मेच्या आधी नाहीतर १५ जूननंतर, यात बदल नाही, आणि मला त्यावर तिच्याशी वाद घालायचा नाही. गाडीत तिलाच बसायचंय.

अभिजित, टॉपला हिल होल्ड आहे, खालच्यालाही आहे असं सेल्सवाला म्हणतो, ब्रोशरमध्ये बघून सांगते. एअरबॅग दोन्हीला सहा आहेत ते मी स्वतः बघितलंय. टॉपला जास्तीचं म्हणजे मोठा स्क्रीन, मागचा एसी व्हेंट, आणि सनरूफ, जे बाबा कधीच उघडणार नाहीत.

काका, बनल्याचा महिना विचारला तर "फ्रेश स्टॉक आहे मॅडम" एवढंच उत्तर तीनदा आलं. प्लीज जाऊन बघाल का?

सुभाषकाका, राजारामपुरी

बघून आलो. उन्हातान्हात उभी आहे, बाकीच्या गाड्यांच्या मागं, काढायला दोन गाड्या हलवाव्या लागल्या. सेल्सचा पोरगा चांगला आहे पण त्याला जेवढं सांगायला सांगितलंय तेवढंच सांगतो. मी खाली बसून टायर वाचले. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायरवर ४४२५, म्हणजे २०२५ चा चव्वेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबरअखेर. टायर गाडीच्या आधी बनतात म्हणून नुसतं त्यावर जायचं नाही, मग कंपनीचा फॉर्म २२, म्हणजे गाडीबरोबर येतो तो कारखान्याचा दाखला, दाखव म्हटलं, त्यावर नोव्हेंबर २०२५. म्हणजे कागदोपत्री ती मागच्या वर्षाची गाडी. आरसीवर महिना-वर्ष तेच छापून येणार आणि उद्या विकायला काढली की घेणारा आधी तेच बघणार. वाईट नाही गाडी, पत्रा स्वच्छ, किलोमीटर नगण्य, पण ते देतायत त्या डिस्काउंटमध्ये मी घेणार नाही. आणि कोटेशनमध्ये हँडलिंग म्हणून एक आकडा घातलाय, तो कशाचा म्हणून विचारल्यावर पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला काढता येईल सर. इन्शुरन्स पण त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं काही नाही, बाहेरनं कोटेशन घे, फरक पडतो.

आता उपाय सांगतो. यार्डातली आणि ऑर्डरची याच्या मधला एक मार्ग आहे. दुसऱ्या शोरूममध्ये तयार असलेली गाडी शोधायची. सांगली, सातारा, कराड. बेळगाव जवळ आहे पण ते नको, कर्नाटकातनं टेंपररी नंबरवर आणून इथलं एमएच-०९ पासिंग करायचं म्हणजे कागदांचा खेळ. मी सांगलीला फोन लावला (अभिजितच्या भावाला नव्हे, माझी वेगळी ओळख आहे), त्यांच्याकडे तुझ्या गाडीची टॉप ऑटोमॅटिक आहे, करड्या रंगात, फॉर्म २२ वर फेब्रुवारी २०२६. एक्स-शोरूम दहाच्या आतच बसते, विचारलं मी. तुझी तारीख १० मे, १६ ला अमावस्या. १२ ला मंगळवार आहे, अंबाबाईच्या दर्शनाला पण बरा वार.

अभिजित, सिंगापूर

काका, सांगलीत ओळख माझ्या भावाची आहे म्हटलं होतं मी आधी. असो. करडा चांगला दिसतो, कोल्हापुरातल्या धुळीला पांढऱ्यापेक्षा बरा.

मेघना, डॅलस

बाबांशी बोलले आत्ता. निळा नाही म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले करडा म्हणजे सुभाषच्या स्कूटरसारखा का. मी हो म्हटलं. चालेल म्हणाले. पांढरीला नाही कळवलंय. सांगलीला टोकन उद्या भरते, पावतीवर चेसिस नंबर आणि फेब्रुवारी २०२६ लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडणार नाही. १२ मेला सकाळी सांगली, दुपारी महाद्वार, गाडी तिथवर जाऊ देत नसतील तर बिंदू चौकात लावून चालत.

संग्राम, निळ्याबद्दल तुझं म्हणणं पटलं होतं रे मला. पण आई-बाबांना पावसाळ्याआधी गाडी पाहिजे, बाबांना डॉक्टरकडे न्यायला दरवेळी रिक्षा शोधावी लागते.

वृंदाताई, लेस्टर

छान झालं. फोटो टाक हं. पण बाबांचं लायसन कधी संपतंय ते बघितलंस का? पंचावन्ननंतर पाचपाच वर्षांचंच मिळतं आणि रिन्यूअलला डॉक्टरचं फॉर्म १ए लागतं. माझ्या भावाचं गाडी दारात आल्यावर लक्षात आलं, मग पुतण्याच चालवत होता महिनाभर.