मदत हवी आहे: जुनी नाणी रास्त भावात कुठे मिळतात?

मंडळी, मी जुनी चांदीची नाणी जमवतो. भावाचा अंदाज घ्यायला तुम्ही काय बघता? कॅटलॉगमधले आकडे मला बहुतेक वेळा चढे वाटतात, म्हणून हल्ली लिलावात प्रत्यक्ष आलेल्या किमती पाहतो. पण तिथेही बोलीवर खरेदीदाराचं कमिशन लागतं, वर टपालखर्च आणि विमा. हे सगळं धरून लिलाव परवडतो, की ओळखीचा डीलर, की प्रदर्शनात शेवटच्या दिवशी केलेली घासाघीस?

आणखी एक. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांचा अस्सलपणा आणि दर्जा तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं महाग पडतं. १ ते ७० च्या श्रेणीत मधल्या दर्जाच्या नाण्यासाठी ते जास्तीचे पैसे मोजावेत का? घासून चकचकीत केलेलं नाणं मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.