अनुभव धागा: गोव्याहून लांबच्या विमानतळावर, अंतर किती आणि वेळ किती?

चवथ झाली की परतीच्या तिकिटांची शोधाशोध सुरू होते. नकाशावरचं अंतर आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांत कुणाला कसा फरक पडला, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

डिचोली ते लंडन
लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. गोव्याच्या मोपा विमानतळापासून लंडनच्या गॅटविकपर्यंत सरळ हवाई अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगाने साडेआठ तासांत पोचायला हवं, पण तिकिटावरचा वेळ त्याहून बराच जास्त होता. जावयांनी समजावलं: धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, जाताना ते समोरून येतात. येताना तेच पाठीशी असल्यामुळे प्रवास लवकर उरकला. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा जुन्या प्रवासाचे तास आजच्या हिशेबाला धरू नका.

मडगाव ते दुबई
अंतर सुमारे बावीसशे किलोमीटर, उड्डाण साडेतीन तासांच्या आसपास. पण दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणून तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा केल्या तर जाताना दोन तास दिसतात आणि येताना पाच! घरी आईला पोचायची वेळ मी नेहमी भारतीय घड्याळाप्रमाणेच सांगतो, म्हणजे ती उगाच काळजीत राहत नाही.

काणकोण
आमचा खरा लांबचा प्रवास घरापासून मोप्यापर्यंतचा. तालुका गोव्याच्या दक्षिण टोकाला, विमानतळ उत्तर टोकाला. जानेवारी 2023 पासून मोपा सुरू झाल्यावर बाहेर जाणाऱ्या शेजाऱ्यांना मी एकच सांगते: तिकिटावर जीओआय (GOI) म्हणजे जुना दाबोळी विमानतळ, जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा. गाडी सांगण्याआधी ते बघा.

फोंडा ते टोरांटो, दिल्लीमार्गे
दिल्ली ते टोरांटो अकरा हजार सहाशे किलोमीटरच्या आसपास. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, सरळ पश्चिमेला जायचं. बाबांनी नातवाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो थेट आर्क्टिक वर्तुळाच्या आत शिरला. सगळ्यात जवळची वाट तीच! विमान दर वेळी नेमकं त्याच रेषेवरून जात नाही, वारा आणि बंद आकाशं पाहून मार्ग ठरतो. तरी मुलांना हे जरूर करून दाखवा, फार छान समजतं.

वास्को ते लिस्बन, दोहामार्गे
हवेतल्या तासांपेक्षा थांब्याचे तास आम्हांला जड गेले. सोबत सासूबाई, गुडघे दुखरे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती, त्यामुळे सुरक्षा तपासणीपासून दारापर्यंत त्यांना चालावं लागलं नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले. पहिलं विमान उशिरा पोचलं तरी पुढची सोय विमान कंपनी करते, आणि वयस्कर माणूस बरोबर असताना तो आधार फार मोठा वाटतो.