टेंडरने उतरायचं असेल तर किनाऱ्यावरचा वेळ कसा आखता?

क्रूझच्या कार्यक्रमात 'सकाळी ८ ते संध्याकाळी ६' असं छापलेलं असतं. पण जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच थांबणार असेल, तर त्या दहा तासांतले हाती किती लागतात? छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, उतरलेल्यांनी लिहा. बंदराचं नाव आणि वेळेचा हिशेब जरूर द्या.

*

ग्रीसचं सँटोरिनी बेट. ज्वालामुखीच्या विवरातलं पाणी फार खोल, मोठ्या जहाजांना धक्का नाही. स्थानिक बोटी फिरा गावाच्या कड्याखालच्या जुन्या बंदरात सोडतात. वर जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या, त्याही खेचरांच्या लिदीतून. केबल कारला तीनेक मिनिटं लागतात. रांग किती, ते त्या दिवशी किती जहाजं आलीत त्यावर. २०२५पासून क्रूझचे दिवसाला ८,००० प्रवासी अशी मर्यादा आहे, पण त्या केबल कारला तेवढेही पुष्कळ झाले. जहाजाच्या सहलीवाल्यांना अथिनिओस बंदरात उतरवून थेट बसमध्ये बसवतात, म्हणून इया गावाची सहल आम्ही जहाजाकडूनच घेतली. परतीला मात्र सगळे त्याच केबल कारच्या रांगेत. शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी फिरात परतलो, तरी त्यातला बराच वेळ उभं राहण्यातच गेला. जहाज लवकर निघणार असेल तर सूर्यास्ताचा विषय सोडून द्या.

*

सकाळी टेंडरच्या टोकनसाठी झुंबड असते आणि आधी सोडतात जहाजाच्या सहलीवाल्यांना. आम्ही निवांत नाश्ता करतो. गर्दी ओसरली की टोकनही कोणी विचारत नाही. मुक्काम अर्ध्या दिवसाचा असेल तर हे परवडत नाही.

*

कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर जॉर्ज टाउनला क्रूझचा धक्का नाही, आणि २०२५च्या सार्वमतात लोकांनी तो नकोच म्हणून सांगितलं. तिथे सांभाळायचं ते घड्याळ. मायामीत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, केमनमध्ये नाही. जहाज मायामीच्या वेळेवर असेल तर बेटावर एक वाजतो तेव्हा जहाजावर दोन वाजलेले असतात! फोन आपणहून वेळ बदलतो, म्हणून मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं.

*

मुंबईहून लक्षद्वीपला गेलो होतो, सासूबाईंना घेऊन. खाजणात पाणी उथळ, त्यामुळे जहाज बाहेरच. बोट लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं. खलाशी दंडाला धरतात, आपण त्यांचा पंजा पकडायला जायचं नाही. हात मोकळे, सामान पाठीला. बॅटरीवरची जड चाकाची खुर्ची असेल तर आधीच विचारा, बहुतेक ठिकाणी टेंडरमध्ये घेत नाहीत. सासूबाई निर्धास्त होत्या. त्यांच्या लहानपणी कोकणची आगबोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची.

*

इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाला लाटांमुळे कप्तानाने उतरणंच रद्द केलं. जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरून गाडी ठरवताना 'जहाज थांबलं नाही तर पूर्ण परतावा' हे आम्ही लेखी घेतो, ते कामी आलं.

*

ग्रीसच्याच मिकोनोस बेटाला कधी तुर्लोस बंदराचा धक्का, कधी टेंडर असं ऐकते. आधी कळतं का? बाबांना वॉकर लागतो, त्यावर सगळं अवलंबून आहे.