ताडोबा : वाघ दिसलाच नाही तर?

आबा चंद्रपूरचे. नोकरीपायी पुण्यात आले, पण मोहाचा वास अजून आठवतात. एप्रिलमध्ये त्यांना आणि नातीला मोहर्लीहून ताडोबात न्यायचंय. एवढा खर्च करून वाघ दिसला नाही तर पोर हिरमुसेल का?

– रानवाट

वाघाचं डोक्यातून काढा. आम्ही आईला नेलं होतं. आमच्या जिप्सीसमोर वाघ आला नाही, पण आईने लेकाला भुत्याचं झाड दाखवलं. पानं झडलेली, पांढरंफटक खोड. त्याने ते घरी येऊन भिंतभर रंगवलं! आजीआजोबांना रान वाचता येतं, ते गाईडकडूनही मिळत नाही. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे रान मुळात गोंडांच्या तारू देवाचं. ती गोष्ट आबांच्याच तोंडून ऐकू द्या.

– वऱ्हाडी माय

मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला गाभा) बंद असतं, तिकीट काढताना बघा. एप्रिलचं ऊन वाईट, आबांना सकाळचीच फेरी द्या. सुती पंचा ओला करून डोक्याला. वानर खेकसलं की तो वाघ जवळ असल्याचा इशारा असू शकतो, तेव्हा गाडी थांबवून गप्प बसायचं, हे नातीला आधीच सांगा.

– मोहफूल

सकाळचीच काढते. गोंडांची गोष्ट आबांना आजच विचारते.

– रानवाट