पुण्याच्या पेठा पायी बघायच्यात, दोन दिवस आहेत. कुठून सुरुवात करावी?

सावंतवाडीकर:

येत्या शनिवार-रविवारी पुण्यात आहोत, मुक्काम स्वारगेटजवळ. शनिवारवाडा, दगडूशेठ, केळकर संग्रहालय आधीच पाहून झालंय. आता पेठाच बघायच्या आहेत: आळ्या, बोळ, वाडे, हातानं काम करणारे कारागीर. सोबत आई आहे, वय ६८. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिने मात्र जमत नाहीत. गाडी आणावी का? राहत्या वाड्यात आत जाऊ देतात का? 'पाहावीत अशी दहा ठिकाणं' छापाची यादी नको. पेठेतला माणूस पाहुण्याला ज्या क्रमानं फिरवेल, तो क्रम हवा आहे.

कसबेकर:

गाडी स्वारगेटलाच राहू द्या. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता सगळे एकेरी आहेत. एक वळण चुकलं की अख्ख्या पेठेला वळसा पडतो. त्यातून गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची हे तारीख सम की विषम यावर ठरतं, आणि ती पाटी न वाचणाऱ्याची गाडी उचलली जाते. स्वारगेटहून मेट्रो घ्या. पुढचं स्थानक मंडई, त्याच्या पुढचं कसबा पेठ. दोन्ही जमिनीखाली आहेत, पण लिफ्ट आहेत, आईंना अडचण येणार नाही.

शनिवार कसब्याला द्या, कारण कारागीर कामाच्या दिवशीच भेटतात. साडेआठपर्यंत कसबा गणपतीला पोहोचा. हे पुण्याचं ग्रामदैवत. सकाळी गर्दी नसते आणि मंदिरात शांत बसता येतं. शेजारचा लालमहाल बाहेरून बघितला तरी चालेल. आजची इमारत गेल्या शतकात महापालिकेनं बांधलेली आहे, शिवकालातली नाही.

तिथून आत आळ्यांत शिरा. कसबा ही सगळ्यांत जुनी वस्ती, म्हणून इथले रस्ते वाकडेतिकडे, मध्येच अरुंद होणारे. सदाशिव, नारायण या पेठा पेशवाईत आखून वसवलेल्या, तिथे रस्ते बरेच सरळ आणि काटकोनात. हा फरक डोक्यात ठेवून चाललात तर जुनी वस्ती कुठे संपली आणि आखलेली कुठे सुरू झाली हे नकाशा न बघता कळायला लागतं. आळ्यांची नावं वाचत चला: शिंपी आळी, भोई आळी, कुंभारवाडा. त्यातले बरेच धंदे आता तिथे उरलेले नाहीत. तांबट आळी मात्र अजून ठोक्यांच्या आवाजावरून सापडते.

तांबट आळीत दहानंतर जा, तोवर काम लागलेलं असतं. तिथे काय बघायचं ते सांगतो, नाहीतर लोक दुकानात भांडी बघून परत फिरतात. तांब्याचा पत्रा कापून, ठोकून आकार देतात. ठोकताना तांबं कडक होत जातं, म्हणून मध्येमध्ये भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. ते न करता ठोकत राहिलं तर पत्रा तडकतो. सांधे झाले, भांडं घासूनपुसून स्वच्छ झालं की शेवटी मठारकाम. लोखंडी खरवईवर (भांड्याखाली धरायच्या आधारावर) भांडं फिरवत गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून ठोके देतात. ते खळगे शोभेसाठी आहेत असं अनेकांना वाटतं. खरं म्हणजे त्यानं पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि भांडं सहजासहजी चेपत नाही. विकत घेणार असाल तर ठोक्यांच्या ओळी कितपत सारख्या आहेत ते बघा. यंत्रावर उठवलेले ठसे अगदी एकसारखे असतात, हातच्या कामात ओळ किंचित हलते. भाव किलोवर आणि मजुरी वेगळी, दोन्ही आधी विचारा. स्वयंपाकाचं भांडं असेल तर आतून कल्हई (कथलाचा लेप) हवीच. उघड्या तांब्यात चिंच, ताक, टोमॅटो असं आंबट ठेवलं की पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो.

फोटो विचारून काढा. ठोके चालू असताना प्रश्न विचारू नका, माणूस हात थांबवेल तेव्हा विचारा.

दिंडी_दरवाजा:

कसबेकरांशी सहमत. मी फक्त वाड्यांबद्दल लिहितो, कारण पाहुणे सगळ्यांत जास्त तिथेच अडतात.

राहता वाडा हे कुणाचं तरी घर आहे. दिंडी (मोठ्या दरवाजातलं छोटं दार) उघडी दिसली म्हणून थेट दुसऱ्या चौकापर्यंत जाऊ नका. देवडीत (दाराच्या आतल्या पहाऱ्याच्या जागेत) थांबून हाक मारा, "वाडा बघायचा होता, आत आलं तर चालेल का?" एवढंच विचारा. मराठीत आणि सरळ विचारलंत तर पहिल्या चौकापर्यंत बरेच जण येऊ देतात. नाही म्हणाले तर मागे फिरा. दुपारी एक ते चार कुणाकडेही जाऊ नका. जुनी दुकानंही त्या वेळात बंद असतात.

आत गेल्यावर नजर आधी खाली न्या. लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्याच्या दगडावर उभा असतो. ओल लाकडापर्यंत चढू नये म्हणून ही योजना. मग वर बघा: खांब, त्यावर हस्त (लाकडी आधार), त्यावर तुळई (आडवं लाकूड) आणि वर कडीपाट (लाकडी छत). सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा खांब आणि महिरपीच्या टोकाचं केळफूल दिसलं तर तो भाग उत्तर पेशवाईच्या वळणाचा समजा. चौकाभोवती ओसरी, चौकात आड किंवा हौद, मागे परसू. बाहेरच्या चौकात कामाची माणसं, आतल्या चौकात घरची, अशी ती विभागणी होती.

वाडे इतके पडके का, हा प्रश्न पडेलच. एक कारण भाडेनियंत्रण. भाडी वर्षानुवर्षं गोठल्यामुळे मालकाला डागडुजी परवडेना, आणि भाडेकरूला घर सोडणं परवडेना. दुसरं, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि शेकडो वाडे बसले. म्हणून नदीच्या बाजूला आज इमारती जास्त दिसतात. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. अशा वाड्याच्या जिन्यावर किंवा सज्जाखाली उभं राहू नका, मालकानं बोलावलं तरी.

आईंसाठी विश्रामबागवाडा ठीक आहे. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०८ च्या सुमारास पूर्ण झालेला. बाजीराव रस्त्यावर पलीकडच्या पदपथावर उभं राहून दर्शनी लाकडी सज्जा नीट बघा. इथेच १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. वरच्या दालनाला जिना आहे, आई खाली थांबल्या तरी दर्शनी काम चुकणार नाही.

नागझरीपलीकडे:

पेठा म्हटलं की सगळे सदाशिव-नारायणवर थांबतात. नागझरी ओलांडा. आता तो बांधलेला नाला आहे, पण जुन्या पुण्याची पूर्वेची हद्द तोच होता, आणि दारूवाला पुलावरून पलीकडे गेलं की वस्तीचा रंग बदलतो.

तांबट आळीतून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा. रमतगमत अर्धा तास धरा. १७५४ मध्ये काम सुरू झालेलं काळ्या दगडाचं छोटं मंदिर, गोसावी पंथीयांचं. गणपती मोरावर बसलेला, तीन सोंडांचा, सहा हातांचा. जोतं उंच आहे, पण आईंनी वर चढायची गरज नाही, कारण सगळ्यांत बघण्यासारखी दर्शनी भिंत खालूनच दिसते. तिच्यावर साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेत. देवळाच्या दर्शनी भिंतीवर असा विषय पुण्यात दुसरीकडे मला माहीत नाही. संस्कृतसोबत फारसी शिलालेखही आहे. जवळच नागेश्वराचं देऊळ, ते याहून जुनं.

रास्ता पेठेत बेने इस्रायली समाजाचं सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर आहे. मराठी बोलणारा ज्यू समाज. मात्र आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं, आणि शनिवार त्यांचा शब्बाथ, त्यामुळे तुमच्या वेळापत्रकात ते बसणार नाही. त्याऐवजी नाना पेठेतलं सिटी चर्च बाहेरून बघा. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये ही जागा दिली. तुम्ही सावंतवाडीचे, हा धागा तुम्हाला जवळचा वाटेल.

आणि गंज पेठेतला फुलेवाडा चुकवू नका. १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केलेला हौद याच घरातला. वाडा बैठा आहे, जिना नाही. बुधवार पेठेतला भिडेवाडा शोधू नका. १८४८ ची मुलींची शाळा भरली ती इमारत २०२३ च्या अखेरीस स्मारकासाठी पाडली.

मंडईचा_कट्टा:

रविवार: मंडई स्थानकावर साडेसातला उतरा. मंडईची इमारत १८८६ ची, मध्ये अष्टकोनी मनोरा. आधीचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं. सकाळी गाळेवाले भाजी रचताना दिसतात, दहानंतर नुसती गर्दी दिसते.

तिथून तुळशीबाग. बांगड्या-पातेल्यांची दुकानं उघडायच्या आत जा, म्हणजे राममंदिर नीट दिसतं. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ मध्ये काम सुरू केलं. शिखर सुमारे १४० फूट. दुकानं उघडल्यावर ते मान वर केल्याशिवाय दिसतच नाही. पुढे लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग, नाना फडणवीसांचं देऊळ. दार दुकानांच्या ओळीत आहे, शोधत चला.

खाणं: तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ, किंवा नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकर. आईंना तिखट नको असेल तर रस्सा वेगळा मागा, देतात. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक बंद. जुना बाजार मात्र मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारीच भरतो. लोखंडी अवजारं, जुनी कुलुपं, पितळी वस्तू. पुरातन म्हणून सांगितलेल्या नाण्यांवर पैसे घालवू नका.

सावंतवाडीकर:

खूप आभार. दोन शंका. शनिवारी कसबा, सोमवार, नाना, गंज हे एका दमात आईला झेपेल का? आणि पत्ता विचारताना घरक्रमांक सांगायचा का?

कसबेकर:

एका दमात नाही झेपणार. कसबा आणि त्रिशुंड साडेअकरापर्यंत संपवा, जेवून दुपारी विश्रांती घ्या. चारनंतर रिक्षानं थेट फुलेवाडा, येताना सिटी चर्चवरून या. मधे बसायचं तर अमृततुल्य गाठा, चहा घेतला की बाकावर थोडं टेकता येतं.

घरक्रमांकाचा उपयोग नाही. तो पेठेच्या सिटी सर्व्हेचा आकडा असतो, रस्त्यावरच्या क्रमानं लागत नाही. शेजारी शेजारी दोन दारांच्या आकड्यांत मोठं अंतर असू शकतं. इथे खुणा चालतात, आणि त्या बहुतेक देवांच्या: पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती. नाहीतर तालीम किंवा हौद विचारा. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं कात्रजच्या पाण्याची. नानासाहेब पेशव्यांनी १७४९-५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून नळानं पाणी शहरात आणलं, ते निव्वळ उतारानं हौदांत पडायचं. फडके हौद आता फक्त चौकाच्या नावात आहे, तरी रिक्षावाला तुम्हाला बरोबर तिथे सोडेल.

दिंडी_दरवाजा:

एक राहिलं. गणपतीच्या दहा दिवसांत येत असाल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. संध्याकाळी पाचनंतर मधल्या पेठांत चालणंही अवघड होतं. तेव्हा पहाटे सहा ते नऊ एवढीच वेळ धरा.