मदत हवी आहे : नायिकेला नोकरी सोडावी न लागणारे नाताळपट

अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी २००९ पासून दरवर्षी ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाखाली जे प्रेमपट दाखवते, ते मी आवडीने पाहते. मोठ्या शहरातली नायिका छोट्या गावी येते, बेकरीत किंवा नाताळच्या झाडांच्या मळ्यावर तिला नायक भेटतो आणि अगदी शेवटी चुंबन होते, हा ठरलेला साचाच मनाला निवांत करतो. यांतले बरेच चित्रपट कॅनडात भर उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून चित्रित होतात, याचे मला कौतुकच वाटते. खटकते ते एवढेच, की शहरातले काम सोडायचे ते बहुधा तिनेच. नायक तिच्यासाठी शहरात येतो किंवा दोघेही पन्नाशीपुढचे आहेत, असे चित्रपट कोणी पाहिले असल्यास कृपया नावे सुचवावीत; भारतात ते अधिकृतपणे कुठे पाहता येतील, हेही कळवावे.