जुन्या फ्लॅटचं कोंदट बाथरूम : तुमचे अनुभव लिहा

काल शेजारच्या काकूंच्या बाथरूमचं दार उघडलं आणि आमच्या रेल्वे लाईन्सच्या जुन्या फ्लॅटचा तोच कुबट वास आला, ओला चुना, साबण, न वाळलेला टॉवेल. खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणाऱ्या तीन काचा, त्या पण गंजून बसलेल्या. सोलापूरचं ऊन असं की गच्चीवर जाड चादर बघता बघता वाळते, आणि आत भिंतीला काळी बुरशी! त्यात पाणी चार-पाच दिवसाआड, म्हणून बॅरल पण आतच. एक्झॉस्ट फॅन होता पण उपयोग शून्य. शेवटी आईनं सुताराकडून दाराखाली बोटभर फट काढून घेतली आणि आरशावरची वाफ भराभर जायला लागली. तुम्ही काय केलंत?

होटगीरोडकर
फट पाहिजेच. आत हवा यायला वाट नसली की फॅन नुसता फिरतो. पेपरचा तुकडा जाळीला धरून बघा, चिकटला तर ओढतोय. आम्हाला डक्टमधून खालच्यांच्या फोडणीचा वास यायचा, फॅनला मागून झडप लावली तेव्हा थांबला

शेंगाचटणी
बॅरलला झाकण ठेवा ओ ताई, डास होतात

विजापूरवेस
आमचं दार पीव्हीसीचं, कापता येतं का?

होटगीरोडकर
@विजापूरवेस नका कापू दादा, आत पोकळ असतं. जाळी बसवून मिळते

माहेर_पंढरपूर
सुट्टीत गावाला जाऊन आलं की घाण वास येतो ना, तो नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटल्यामुळे, गटाराची हवा सरळ वर येते. तांब्याभर पाणी ओता. आणि बुरशीला ब्लीचिंग वापरलंत तर ॲसिड जवळ पण आणू नका, क्लोरीन होतो, डोळे घसा सगळं जळतं

अशोकचौक
गॅस गीझर आत असेल तर हात जोडून सांगते, आधी बाहेर काढा. माझी मावसबहीण आंघोळीला गेली ती चक्कर येऊन पडली, बादली वाजली म्हणून कळलं, दार तोडून काढली. कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो हो, कळणार कसं

शेंगाचटणी
अगं बाई!! आता बरी आहे ना?

अशोकचौक
हो, गड्ड्याच्या यात्रेत भेटली की. पोरांना घेऊन पाळण्यात पण बसली

शेंगाचटणी
यंदा आमचा गड्डा हुकला, मुलाची परीक्षा

विजापूरवेस
आमचा गीझर आतच आहे. घरी फोन करून बंद करायला सांगितला, संध्याकाळी प्लंबर येतोय